बाबांची लाइट ड्यूटी

ओमानमधल्या सोहारच्या आमच्या घरात खिडकी उघडायची की नाही हे आई नाकानं ठरवायची. वारा समुद्राकडून असला की स्वयंपाकघराची खिडकी सकाळभर उघडी राहायची, आमच्या कढईतल्या सुरमईचा वास शेजारच्या हमीदाचाचींकडे जायचा आणि त्यांच्या फोडणीचा आमच्याकडे यायचा. वारा बाबांचा कारखाना होता त्या औद्योगिक वसाहतीकडून फिरला की आधी घसा खवखवायचा, वास नंतर यायचा. आई लाटणं हातात घेऊनच धावत जाऊन खिडक्या लावायची आणि बाबांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "आला बघा तुमचा पगार." बाबांना हा विनोद आवडायचा नाही. पण तो विनोद नव्हताच, ती हवामानाची बातमी होती. हमीदाचाची रत्नागिरीजवळच्या, चाचांचं सुकात, म्हणजे तिथल्या बाजारात, कापडाचं दुकान. त्याही तिकडून खिडकी आपटायच्या आणि भिंतीपलीकडून ओरडायच्या, "लावलीस काय गो?"

त्या घरात पाण्याचंही उलटंच होतं. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी इतकी तापायची की गार पाण्याच्या नळाखाली हात धरवत नसे. म्हणून गीझर बंद ठेवायचा, त्यातलं पाणी घरातल्या एसीनं निवायचं, आणि गरमचा नळ उघडला की गार पाणी यायचं. मी त्यातच वाढले. अजूनही कधी कधी माझा हात आधी गरम नळाकडे जातो आणि भाजतो. शाळेत आम्ही सगळी मुलं इंग्रजीत बोलायचो, घरी आई-बाबा मराठीत विचारायचे आणि मी अर्धं उत्तर मराठीत, अर्धं इंग्रजीत द्यायचे. हे आत्मकथन मी मराठीत लिहिते आहे हे बाबांना कळलं असतं तर त्यांनी शुद्धलेखनाच्या चुका काढल्या असत्या.

बाबा एका केमिकल कारखान्यात शटडाऊन प्लॅनर होते. वर्षातून एकदा अख्खा कारखाना थांबवायचा, उघडायचा, साफ करायचा, दुरुस्त करायचा आणि पुन्हा चालू करायचा. त्या दिवसांत कुठलं काम कुठल्या कामानंतर, हे ठरवणं त्यांच्याकडे. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या डोक्यात एकाच प्रश्नानं सुरू व्हायची: याच्या आधी काय? भारतात लग्नाला जायचं असलं तरी कुठली बॅग आधी भरायची याचा तक्ता फ्रिजवर लागायचा. कारखान्यात परमिट असल्याशिवाय कुणी स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही असा नियम होता, तो ते घरीही लावायचे. आई म्हणायची, "यमराज दारात आला तरी हा माणूस विचारेल, परमिट आणलंय का?" यावर मात्र बाबा खदखदून हसायचे.

बारावीनंतर गल्फमधल्या मुलांचं काय करायचं हे ठरलेलं असायचं. पुणे नाही तर मुंबई, एनआरआय कोटा, इंजिनिअरिंग. मला पर्यावरणाच्या धोरणांचा अभ्यास करायचा होता. कुठल्या चिमणीतून किती काय सोडायचं हे कोण ठरवतं, आणि ज्यांचा घसा खवखवतो त्यांना कुणी विचारतं का, एवढंच खरं तर मला जाणून घ्यायचं होतं. लहानपणी एकदा हे मी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "पाहुण्यानं यजमानाच्या घरातल्या वासाबद्दल बोलू नये." पण मी कॅलिफोर्नियाचं नाव काढलं तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही. थेट विद्यापीठ आम्हाला झेपणारं नव्हतं. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढायची, तिथले विषय घेऊन विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं, असा रस्ता मी शोधून काढला होता. आईनं विचारलं, "कम्युनिटी म्हणजे कुठली? ख्रिश्चन लोकांचं आहे का?" मी सांगितलं की गावातल्या सगळ्यांसाठी असतं. "मग तुला कशाला घेतील?" आई म्हणाली. तिचा प्रश्न मला तेव्हा अडाणी वाटला होता.

खरी गोम अशी होती की कम्युनिटी कॉलेजातला प्रत्येक विषय प्रत्येक विद्यापीठ धरत नाही. पर्यावरणशास्त्र प्रयोगशाळेसकट घेतलं तर चालतं, नुसतं घेतलं तर वाया. एका ठिकाणी स्टॅटिस्टिक्स आधी हवं, दुसऱ्या ठिकाणी इकॉनॉमिक्सचे दोन्ही भाग. मी हे सगळं बाबांना रडवेल्या आवाजात सांगितलं आणि त्यांचे डोळे चमकले. मुलीच्या शिक्षणाचा नाही, शटडाऊनचा प्रश्न समोर आला होता. शुक्रवारी जेवणं झाली की जुन्या ड्रॉइंगची मोठी शीट उलटी करून हॉलमध्ये पसरायची, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवायच्या आणि ते पोटावर आडवे होऊन पट्ट्या आखायचे.

"स्टॅटिस्टिक्स कधी?"

"दुसऱ्या सेमिस्टरला."

"पहिल्याला का नाही?"

"आधी त्यांची मॅथ्सची टेस्ट आहे. त्यात नीट मार्क्स मिळाले तर डायरेक्ट. नाही तर आधी खालचा कोर्स."

"म्हणजे ती टेस्ट क्रिटिकल. दोन्ही वर्षं तिच्यावर लटकलीत आणि तू मला हे आत्ता सांगतेस?" त्यांनी लाल पेन उचललं. "आणि हे काय, अमेरिकन गव्हर्नमेंट? हे कशाला?"

"कम्पल्सरी आहे, बाबा."

"तू काय तिथली नागरिक होणार आहेस?"

"नाही. पण सगळ्यांनाच घ्यावं लागतं. बाहेरच्यांना पण."

बाबांनी लाल पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग म्हणाले, "पाहुण्याला घराचा कारभार शिकवतात. चांगलं आहे." आणि त्यांनी अमेरिकन सरकार पहिल्या सेमिस्टरला टाकलं. आई सोफ्यावर लसूण सोलत बसलेली असायची. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण बाबा असे पोटावर झोपून हसत बोलताना दिसले की ती चहा करायला उठायची. त्या शुक्रवारच्या आम्हा तिघांइतकी सुखी माणसं मी नंतर फार पाहिली नाहीत.

आता सबनीस साहेबांबद्दल सांगायला हवं. ते बाबांच्या कारखान्याचे मॅनेजर आणि आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मूळचे पुण्याचे, उंच, पांढऱ्या केसांचे, आवाजात सतत एक आर्जव. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलात त्यांनी अख्खी रात्र बाबांबरोबर बसून काढली होती. मंडळाच्या गणपतीत ते स्वतः पंगतीत वाढायचे आणि प्रत्येकाच्या पानात आग्रहानं मोदक टाकायचे. त्यांना वाईट माणूस ठरवून मोकळं होणं मला सोपं गेलं असतं. दिवाळीच्या फराळाला ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मोहिते, मुलीला अमेरिकेतल्या आयटीआयला घालताय असं ऐकलं." सगळे हसले, बाबाही हसले. घरी येताना मी गाडीत धुमसत होते. बाबा म्हणाले, "हसण्यावारी न्यायचं. तो माणूस आपला आहे."

त्या वर्षीचं शटडाऊन थंडीत आलं, माझ्या बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर. क्लोरीनची एक लाइन उघडायची होती. तिच्यातला वायू हवा मारून पूर्ण काढायला बाबांनी प्लॅनमध्ये एक अख्खी पाळी ठेवली होती. कारखाना लवकर चालू करायचा म्हणून सबनीस साहेबांनी मीटिंगमध्ये ती पाळी अर्धी केली. बाबा त्या रात्री जेवताना भातावर आमटी घेऊन नुसते कालवत बसले. "अर्ध्या पाळीत लाइन रिकामी होते का?" आईनं विचारलं. "होते म्हणतात," बाबा म्हणाले. "साहेबांना सांगितलंत?" "सांगितलं. म्हणाले, मोहिते, तुमचं नेहमीचंच आहे, घाबरट प्लॅनिंग." मग त्यांनी लोणचं मागितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. लाइनचा जोड सैल केला तशी आत राहिलेला वायू बाहेर आला. फिटर वारा येत होता त्या बाजूला होते, ते पळाले. बाबा वारा जात होता त्या बाजूला उभे होते. ते स्वतःच्या पायांनी बाहेर चालत आले आणि गेटजवळ बसले, ते उठलेच नाहीत. हॉस्पिटलात त्यांचे डोळे लालभडक होते आणि छातीतून केटलीसारखी शिट्टी वाजत होती. दोन-तीन दिवसांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून ते तुटक तुटक बोलले. "मास्क लावला होता मी. घट्ट होता. त्याचा फिल्टर संपलेला होता. स्टोअरमधून नवा मागवला होता. आला नव्हता." आईनं आणि मी, दोघींनी हे ऐकलं. हे मी मुद्दाम इथे लिहून ठेवते आहे.

घरी आणल्यावर हमीदाचाची रोज पेज करून आणायच्या. मला जिन्यात रडताना बघून त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "पोरी, गप. माणूस घरात हाय ना? हाय ना? मंग बास." त्या आठवड्यात मला कुणी म्हटलेलं हे एकच वाक्य उपयोगी पडलं. बाबा उशांना टेकून बसायचे. आडवं झालं की दम लागायचा. वारा कुठूनही असो, आई आता खिडकी उघडत नव्हती, आणि पगाराचा विनोदही करत नव्हती.

सबनीस साहेब आले ते शनिवारी सकाळी, फळांची टोपली आणि बायकोनं केलेला शिरा घेऊन. खुर्ची पुढे केली तरी ते बाबांच्या पलंगाच्या कडेवर बसले. मी चहा घेऊन दारात उभी होते. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं नाही, उलट बस म्हणाले.

"मोहिते, चौकशी होणार," ते बाबांच्या पायावर हात ठेवून म्हणाले. "दोन प्रश्न आहेत. लाइनमध्ये गॅस राहिलाच कसा, हा एक. आणि मास्क असताना तुम्हाला लागलं कसं, हा दुसरा. पहिल्यात शिरलो तर आपण सगळेच अडकतो. प्लॅनवर सही शेवटी तुमची आहे. दुसऱ्याचं उत्तर साधं असलं तर पहिला कुणी विचारत बसत नाही."

बाबांनी पाय जरा आत ओढून घेतला.

"बोलायचं असलं की माणूस मास्क जरा खाली घेतो. आत घाम येतो, आवाज जात नाही. सगळेच घेतात. त्यात गुन्हा थोडाच आहे?" साहेबांचा आवाज गणपतीत आग्रह करतानाचाच होता. "यापुढे तुम्हाला साइटवर पाठवायचं नाही, मी बोललोय. लाइट ड्यूटी. पगार तोच, फॅमिली व्हिसा तोच. आणि मनूला अमेरिकन एम्बसीत तुमच्या नोकरीचा दाखला दाखवायला लागेल ना? मी स्वतः देतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कधी आहे गं इंटरव्ह्यू?"

मी महिना सांगितला. बाबा पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

"घेतला होता मी खाली," बाबा म्हणाले. "बोलायला."

"झालं तर," सबनीस साहेब म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप उचलला. जाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं, हेच मला आजवर पचलेलं नाही.

आता माझं कामच अपघातांचे आणि गळतीचे अहवाल वाचण्याचं आहे. 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे शब्द आले की माझे सहकारी पान उलटतात. मी तिथे थांबते. त्या ओळीमागे एक पलंग असतो, त्याच्या कडेवर कुणीतरी आपलं माणूस बसलेलं असतं, असं मला दिसत राहतं. बहुतेक वेळा पुरावा काही मिळत नाही आणि मलाही शेवटी पान उलटावंच लागतं.

त्या शनिवारी साहेबांची गाडी गेली तशी मी बाबांवर ओरडले. "खोटं का बोललात? तुम्ही? चमचा ठेवायलासुद्धा परमिट मागणारे तुम्ही?"

"ओरडू नको," बाबा म्हणाले. "मला उत्तर द्यायला श्वास लागतो."

"मी जाणार नाही अमेरिकेला."

"मग मी कशासाठी बोललो?"

आई तोवर भिंतीला टेकून उभी होती. ती एकदम म्हणाली, "अहो, सोडा ही नोकरी. गावाला जाऊ. खाऊ काय मिळेल ते." बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "ही छाती घेऊन गावाला जाऊन काय करू, सुमन? दारात बसून खोकू?"  आई फळांची टोपली उचलून खाली गेली आणि इमारतीच्या वॉचमनला देऊन आली. शिरा मात्र तिनं कचऱ्यात टाकला. अन्न टाकताना मी तिला तेवढंच एकदा पाहिलं.

संध्याकाळी बाबांनी हाक मारली. "मनू, ती शीट आण." मी आणली नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, मग खोकल्याची उबळ आली, म्हणून मी आणली. पोटावर झोपणं आता शक्यच नव्हतं. मी शीट भिंतीला धरून उभी राहिले आणि ते उशांवरून सांगत गेले. "उन्हाळी सत्रात इकॉनॉमिक्सचा एक भाग घे. मग तिसऱ्या सेमिस्टरला एक जागा मोकळी होते. तिथे कायद्याचा काही विषय मिळतो का बघ." प्रत्येक वाक्याला दोनदा थांबावं लागत होतं. मी लाल पेननं पट्टी ओढली. पट्टी वाकडी आली. ते म्हणाले, "सरळ ओढ," आणि मी खोडून पुन्हा ओढली. चौकशीत त्यांनी तेच सांगितलं. पहिला प्रश्न कुणी विचारला नाही. दाखला वेळेवर आला आणि मी गेले.

कम्युनिटी कॉलेजातली दोन वर्षं मी बाबांनी आखल्याप्रमाणे काढली. मी मजेत होते असं म्हणवत नाही, थांबले नाही एवढंच. पहिल्याच सेमिस्टरला अमेरिकन गव्हर्नमेंटच्या वर्गात आम्हाला गावच्या एका सुनावणीला नेलं. एक म्हातारी बाई उठली आणि माइकवर म्हणाली की शेजारच्या कारखान्यामुळे तिच्या स्वयंपाकघरात वास येतो. समोर बसलेल्या पाच अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं आणि तिचे आभार मानले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडून रडले. फोनवर मी बाबांना याबद्दल काही सांगितलं नाही. त्यांना लाइट ड्यूटीत काय करावं लागतं हे विचारलं की ते म्हणायचे, "बोलायचं काम आहे. बसून." आई मध्येच फोन घ्यायची आणि मी जेवले का ते विचारायची.

विद्यापीठाचं उत्तर आलं, माझे सगळे विषय त्यांनी धरले, आणि त्या उन्हाळ्यात मी सोहारला गेले. बाबा वाळले होते, पण केस नीट विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा. एक दिवस त्यांना डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून मी गाडी घेऊन कारखान्याच्या गेटवर गेले. बाहेर उन्हात उभं राहवत नव्हतं. गार्ड म्हणाला, "मॅडम, अंदर एसी में बैठो. लेकिन इंडक्शन सुनना पडेगा. सबके लिए रूल है." इंडक्शन म्हणजे आत येणाऱ्यांना देतात ती सुरक्षेची शिकवणी. गेटलगतच्या खोलीत बाकं होती. कडक नवे बॉयलर सूट घातलेले वीसेक कामगार बसले होते, बिहारचे, नेपाळचे, बांगलादेशचे, कालपरवाच उतरलेले. मी मागच्या बाकावर बसले. दार उघडून हेल्मेट घातलेले बाबा आत आले.

त्यांनी मला पाहिलं. क्षणभरच थांबले. मग टेबलावरचा मास्क उचलून त्यांनी सुरुवात केली.

"देखो भाई, ये मास्क कंपनी ने मुझे दिया था. एकदम फर्स्ट क्लास. मैंने क्या किया? बात करनी थी, तो ऐसे नीचे किया." त्यांनी मास्क तोंडाला लावला आणि हनुवटीखाली ओढला. पुढच्या बाकावरचे दोघं हसले. बाबाही त्यांच्याबरोबर हसले. कुठे हसू येतं हे त्यांना माहीत होतं. "हँसो मत. अब सुनो." ते गप्प उभे राहिले, फक्त श्वास घेत. खोलीत तेवढी एक शिट्टी ऐकू येत होती, आत जाताना आणि बाहेर येताना. कुणी हललं नाही. "ये सुना? ये अब जिंदगीभर बजेगा. गलती किसकी?"

"आपकी, साब," दोन-तीन आवाज आले.

"जोर से बोलो."

"आपकी!" सगळी खोली म्हणाली.

"शाबाश," बाबा म्हणाले आणि त्यांनी पुढचा मुद्दा घेतला, आग लागली तर कुठल्या दारानं जायचं.

डॉक्टरकडून परतताना गाडी मी चालवत होते. बाबा बाजूच्या सीटवर बसून खिशातला दम्याचा पंप तोंडात मारत होते. हे त्यांनी कामगारांच्या किती तुकड्यांसमोर केलं असेल ते मी मोजू शकत नव्हते. शेवटी सिग्नलला मी म्हणाले, "बाबा, फिल्टर संपलेला होता."

त्यांनी पंप खिशात ठेवला. समोर बघत, अगदी सहज, मास्तर चुकलेल्या मुलाला सांगतात तसे म्हणाले, "नाही गं मनू. मास्क मी खाली घेतला होता."

काचा बंद होत्या. गाडीत आम्ही दोघंच होतो.